‘ताई, बहिष्काराने काही होतं का?’

प्रश्न नौपाड्यातल्या एका मुलाचा आहे. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, सहावीपासून गेम खेळतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘ताई, मोठ्या गेम कंपन्या चीनच्या बाजारासाठी लोटांगण घालतात, हाँगकाँगचं नाव काढणाऱ्या खेळाडूला हाकलतात, आणि आपण चार दिवस ओरडून गप्प बसतो. बहिष्काराने खरंच काही होतं का, की सगळं नाटकच? आणि दुसरं, पुढच्या महिन्यात ऐरोलीला लोकलायझेशन टेस्टिंगच्या (म्हणजे गेम दुसऱ्या देशासाठी, भाषेसाठी नीट बसलाय का ते तपासायच्या) जागेसाठी माझा इंटरव्ह्यू आहे. बहिष्काराच्या बाजूने मी पोस्टमधून बरंच लिहून ठेवलंय. ते काढून टाकू का?’

दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येते, कारण खरा गुंता तिथे आहे.

आधी मी कोण ते सांगते. ऐरोली-महापे पट्ट्यात सतरा वर्षं याच धंद्यात आहे. आधी टेस्टर होते, मग भाषांतर तपासायचे, आणि गेली नऊ वर्षं आमच्यात ज्याला कल्चरलायझेशन म्हणतात ते काम करते. म्हणजे गेम ज्या देशात विकायचा आहे तिथे कशावरून बोंब होईल, कुठे कायदा आडवा येईल, कुठे परवाना अडेल, हे आधीच हुडकून शीटमध्ये लिहायचं. तू ज्या निर्णयांना शिव्या घालतोस त्यांचा पहिला कागद बऱ्याचदा माझ्यासारखीच्याच टेबलावर तयार होतो. तेव्हा हे कुणा तटस्थ माणसाचं उत्तर आहे असं समजू नकोस.

तुझ्या डोक्यात जे प्रकरण आहे ते ऑक्टोबर 2019चं. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीच्या हर्थस्टोन या पत्त्यांच्या गेमची आशिया-पॅसिफिक ग्रँडमास्टर्स स्पर्धा चालू होती. 6 ऑक्टोबरला हाँगकाँगचा खेळाडू ब्लिट्झचुंग सामन्यानंतर मुलाखतीला बसला तो गॅस मास्क आणि गॉगल लावून, आणि त्याने हाँगकाँगच्या लोकशाहीवादी आंदोलनाची घोषणा दिली. मुलाखत घेणारे दोघे समालोचक टेबलाखाली डोकं घालून बसले होते. ती क्लिप मी तेव्हा ऑफिसमध्ये तीनदा पाहिली, आणि खोटं कशाला बोलू, माझं लक्ष त्या दोघांवरच होतं. आपण त्या खुर्चीत असतो तर? दोन दिवसांत ब्लिझार्डने निर्णय दिला: खेळाडू स्पर्धेतून बाहेर, बक्षिसाची रक्कम जप्त, बारा महिन्यांची बंदी. समालोचकांशीही संबंध तोडले. आधार काय, तर स्पर्धेच्या नियमांतलं एक कलम. लोकांच्या एखाद्या गटाला दुखावणारी किंवा कंपनीची प्रतिमा बिघडवणारी कृती केली तर शिक्षा. आणि ती कृती तशी आहे की नाही हे ठरवणार फक्त कंपनी. असं कलम गेमिंगच्या निम्म्या करारांत सापडेल. घरमालकाच्या भाडेकरारात ‘मालकास योग्य वाटेल तेव्हा’ असतं ना, तसंच ते.

मग भडका उडाला. लोकांनी अकाउंट बंद केली. ब्लिझार्डच्याच ओव्हरवॉच या गेममधली मेई ही चिनी नायिका हाँगकाँगच्या आंदोलकाच्या वेषात रंगवून लोकांनी तिला बंडाचं चिन्ह करून टाकलं. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या मुख्यालयात काही कर्मचारी छत्र्या (हाँगकाँगच्या आंदोलनाची खूण) घेऊन बाहेर आले. तिथल्या ऑर्कच्या (त्यांच्या गेममधल्या राक्षसी योद्ध्याच्या) पुतळ्याभोवती कंपनीची तत्त्वं धातूच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. त्यातल्या ‘प्रत्येक आवाज महत्त्वाचा’ आणि ‘जागतिक विचार करा’ या दोन पाट्यांवर कुणीतरी कागद चिकटवले. अमेरिकी संसदेतल्या दोन्ही पक्षांच्या पाच सदस्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, त्यात रिपब्लिकन मार्को रुबियो होते आणि डाव्या विचारांच्या डेमोक्रॅट अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझही होत्या. हे दोघे एका कागदावर सही करतात याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं होतं. मित्सुबिशी मोटर्सच्या तैवान शाखेने प्रायोजकत्व काढून घेतलं.

संसद सदस्यांचं पत्र यायच्या आधीच, आठवडा संपायच्या आत, कंपनी मागे सरली होती. बक्षीस परत, बंदी बाराची सहा महिने, समालोचकांनाही कायमचं काढण्याऐवजी सहा महिने. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ब्लिझकॉन या कंपनीच्याच संमेलनाच्या मंचावर अध्यक्ष जे. ॲलन ब्रॅक यांनी माफी मागितली. पण कशाची? निर्णय घाईने घेतला आणि लोकांशी बोलायला उशीर केला, याची. सहा महिने तसेच राहिले. चीनमधल्या संबंधांचा या निर्णयावर काही परिणाम नव्हता, असं त्यांनी ऑक्टोबरमध्येच लिहिलं होतं.

आता याला जिंकलो म्हणायचं की हरलो? माझ्या मते ओरड्याने शिक्षेची किंमत बदलली, नियम बदलला नाही. ते कलम जागच्या जागी राहिलं. मधल्या काळात अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या संघातल्या तीन मुलांनी कॉलेज स्पर्धेत हाँगकाँगच्या बाजूचा फलक कॅमेऱ्यासमोर धरला होता, त्यांनाही सहा महिनेच मिळाले. म्हणजे सहा हा आकडा आता दरपत्रकावर आला. पण एक खेळाडू आपलं बक्षीस परत घेऊन घरी गेला, हेही खरं. ते क्षुल्लक म्हणू नकोस.

आणि ज्या बाजारासाठी हे सगळं झालं असं आपण म्हणतो, त्याचं पुढे काय झालं? जानेवारी 2023 मध्ये ब्लिझार्ड आणि तिची चिनी भागीदार नेटईझ यांचा करार नव्याने झाला नाही, आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसकट बहुतेक गेमचे तिथले सर्व्हर बंद पडले. मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतल्यावर 2024 मध्ये गाडी पुन्हा रुळावर आली. हाँगकाँगशी त्याचा काही संबंध नव्हता, साधं व्यवहाराचं भांडण. मर्जी सांभाळली की बाजार टिकतो, हा हिशेबसुद्धा तेवढा पक्का नसतो.

तू लिहिलंयस की टेन्सेंट या बड्या चिनी कंपनीचा पैसा जिथे, तिथे मुसक्या. मलाही आधी असंच वाटायचं. पण आकडे बघ. त्या वेळी ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डमध्ये (ब्लिझार्डची मूळ कंपनी) टेन्सेंटचा वाटा साधारण पाच टक्के होता. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकमध्ये चाळीस. आणि त्याच आठवड्यात एपिकचे टिम स्वीनी उघड म्हणाले की राजकारणावर बोलल्याबद्दल आम्ही कुणाला शिक्षा करणार नाही. चाळीस टक्केवाला मोकळा आणि पाच टक्केवाला घाबरलेला, असं कसं? कारण जीव अडकलेला असतो तो परवान्यात. शेअर किती हा प्रश्न नंतरचा.

चीनमध्ये परदेशी गेम विकायचा तर तिथलाच प्रकाशक हवा, आणि सरकारकडून प्रत्येक गेमला वेगळा मंजुरी क्रमांक हवा. तो क्रमांक कधी मिळेल याची कुणी हमी देत नाही. 2018 मध्ये जवळपास नऊ महिने एकही नवा गेम मंजूर झाला नाही. जुलै 2021 ते एप्रिल 2022 पुन्हा तेच. तुझी फाइल ज्या टेबलावर पडून आहे त्या साहेबासमोर तू किती मोठ्याने बोलशील? आपल्याकडे ओसी रखडलेल्या सोसायटीचा सेक्रेटरी महापालिकेबद्दल चारचौघांत काय बोलतो, तेवढंच.

क्रमांक न मिळाल्यावर काय होतं त्याचं माझं लाडकं उदाहरण पबजी मोबाइलचं. चीनमध्ये त्यावर पैसे कमवायची परवानगी मिळेना, म्हणून टेन्सेंटने मे 2019 मध्ये तो बंद करून त्याच्या जागी ‘गेम फॉर पीस’ आणला. गेम जवळजवळ तोच. फक्त गोळी लागलेला माणूस मरत नाही. गुडघ्यावर बसतो, आपल्या सामानाची पेटी पुढे करतो, हात हलवून टाटा करतो आणि नाहीसा होतो. आमच्या ऑफिसात कुणी राजीनामा दिला की अजून आम्ही तसाच हात हलवतो.

आता जिथे बहिष्कार सपशेल जिंकला ते उदाहरण. नोव्हेंबर 2018. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने जाहीर केलं की आशियात विस्तार करायचा असल्यामुळे रेनबो सिक्स सीज या गोळीबाराच्या गेममध्ये काही दृश्य बदल होतील: कवटीची चिन्हं जातील, भिंतीवरचं रक्त जाईल, जुगाराचं मशीन जाईल, बाईच्या आकृतीची निऑन पाटी जाईल. आणि हे बदल जगभर सगळ्यांना लागू, कारण दोन बिल्ड (गेमच्या तयार आवृत्त्या) सांभाळण्यापेक्षा एकच बरं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला. त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला.

का फिरवला? माझं वाचन सांगते. पहिलं म्हणजे बदल डोळ्यांना दिसत होता. काल इथे मशीन होतं, आज नाही, दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की वाद संपला. दुसरं, तो परत फिरवणं स्वस्त होतं, जुनी चित्रं सर्व्हरवर होतीच. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: लोकांची मागणी ‘चीनमध्ये विकू नका’ अशी नव्हती. ‘त्यांचा कायदा त्यांच्या बिल्डमध्ये ठेवा, आमच्या गेमला हात लावू नका’ एवढीच होती. कंपनीला ती पुरी करता येण्यासारखी होती. आत बसलेला एखादा कारकूनछाप मॅनेजरसुद्धा ही मागणी वरच्याला समजावून सांगू शकतो, वेगळ्या बिल्डचा खर्च इतका, नाराजीचा खर्च इतका. ‘ब्लिझार्ड नष्ट व्हावी’ ही मागणी तो कुठल्या रकान्यात लिहिणार?

उलटं उदाहरण तैवानच्या रेड कँडल गेम्सचं. डिव्होशन नावाचा त्यांचा हॉरर गेम फेब्रुवारी 2019 मध्ये आला, आणि उत्तम होता. पण भिंतीवरच्या एका ताईतावर शी जिनपिंग यांचं नाव आणि विनी द पूह (त्यांची खिल्ली उडवायला वापरतात ते कार्टून अस्वल) असं जोडून छापलेलं खेळाडूंना सापडलं. चिडलेल्या चिनी खेळाडूंनी रिव्ह्यूंचा मारा केला, आठवड्याच्या आत गेम स्टीमवरून उतरला, आणि त्याच्या चिनी प्रकाशकाचा व्यवसाय परवानाच रद्द झाला. डिसेंबर 2020 मध्ये जीओजी या दुकानाने गेम आणतोय असं जाहीर केलं आणि काही तासांत माघार घेतली. कारण दिलं: गेमरांचे खूप संदेश आले. शेवटी मार्च 2021 मध्ये रेड कँडलने स्वतःच्याच साइटवरून तो विकायला काढला.

इथे थांबून एक गोष्ट बघ. रिव्ह्यूंचा मारा हेच हत्यार दोन्हीकडे होतं. युबिसॉफ्टवर ते कापाकापीच्या विरोधात चाललं, रेड कँडलवर कापाकापीच्या बाजूने. आपण त्याला ग्राहकशक्ती म्हणतो तेव्हा ते समोरच्याच्या हातातही असतं हे विसरतो. आणि मूठभर टाळक्यांच्या स्टुडिओवर ते चालतं तेव्हा त्यांच्याकडे उलट उत्तर द्यायला माणूसही नसतो.

आता माझी गोष्ट. क्लायंटचं नाव सांगणार नाही, करारात बांधलेली आहे. बरीच वर्षं झाली. परदेशी स्टुडिओचा गेम, त्यातला एक टप्पा भारतीय वाटेल अशा शहरात. चौकातून एक मोर्चा जाताना दिसायचा, हातात फलक, भिंतीवर देवनागरीत घोषणा. कुणीतरी फार जीव लावून केलं होतं. एका बाईच्या फलकावर ‘पाणी द्या’ लिहिलेलं, आणि तिच्या मागे एक म्हातारा चप्पल हातात घेऊन चालत होता. माझं काम फलक वाचायचं. एका झेंड्याचा रंग खऱ्या पक्षाच्या झेंड्याजवळ जात होता, म्हणून मी शीटमध्ये ओळ टाकली: ‘झेंड्याचा रंग बदलावा. धोका: मध्यम.’ एवढंच. दीड महिन्याने पुढचं बिल्ड आलं तर चौक रिकामा. मोर्चाच नाही. बाई नाही, म्हातारा नाही. मी विचारलं तर उत्तर आलं की ‘मध्यम’ लिहिलंय म्हटल्यावर लीडने, म्हणजे तिथल्या टीमप्रमुखाने, अख्खा प्रसंगच काढून टाकायला सांगितला, वेळ कमी होता. जगभरातल्या सगळ्या बिल्डमधून.

कुठल्या सरकारने सांगितलं नव्हतं. कुणी फोन केला नव्हता. आणि गेम बाजारात आला तेव्हा कुणी ओरडलंही नाही, कारण तिथे मोर्चा होता हे आम्हा सात-आठ जणांखेरीज कुणाला माहीतच नव्हतं. बहिष्काराला आधीचा आणि नंतरचा फोटो लागतो. जन्मायच्या आधी कापलेल्या गोष्टीचा आधीचा फोटोच नसतो. तू ज्यावर चिडतोस ती प्रकरणं म्हणजे आमच्या शीटमधून निसटून रस्त्यावर आलेली थोडीशी. बाकीची कापाकापी इथे, एसीत, चहा पिता पिता होते. तेव्हापासून मी ‘मध्यम’ हा शब्द एकटा लिहीत नाही. काय बदलायचं, कोणत्या देशाच्या बिल्डमध्ये, आणि काय बदलायचं नाही, हे तिन्ही लिहिते. क्लायंटना ते लांबलचक वाटतं. वाटू दे.

आणि बाळा, सगळी ओरड चीनकडे बोट दाखवून करू नकोस. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून असं व्हायला नको. 2008 मध्ये फॉलआउट 3 मायक्रोसॉफ्टने भारतात आणला नाही. सांस्कृतिक संवेदनशीलता एवढंच कारण दिलं. त्या गेममध्ये दोन डोक्यांच्या गायीसारख्या प्राण्याचं नाव ‘ब्राह्मिन’ आहे, त्यामुळे सगळ्यांनी तर्क तोच केला. इथे कुणी मोर्चा काढला नव्हता, बंदी मागितली नव्हती. कुणीतरी माझ्यासारख्याने ‘धोका: जास्त’ लिहिलं असेल, झालं. त्याच गेममध्ये ऑस्ट्रेलियाच्या वर्गीकरण मंडळाने मॉर्फिनच्या वापराला हरकत घेतली म्हणून औषधाचं नाव ‘मेड-एक्स’ केलं, आणि ते जगभर तसंच गेलं. लोकशाही देशाच्या मंडळानेही जगभरच्या बिल्डवर आपला शिक्का उठवला.

नकाशाचं तर विचारूच नकोस. 1961च्या फौजदारी कायदा दुरुस्तीप्रमाणे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या धंद्यात नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचा किस्सा मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितलेला आहे. विंडोज 95च्या टाइम झोनच्या नकाशात भारताच्या आठेक लाख पिक्सेलपैकी आठ पिक्सेलांची हिरवी छटा वेगळी होती, काश्मीरच्या वादग्रस्त भागासाठी. दोन लाख प्रती परत बोलवाव्या लागल्या. मी स्वतः लोडिंग स्क्रीनवर नखाएवढा पृथ्वीगोल झूम करून तपासलेला आहे.

पबजीचं तर तुझ्या डोळ्यांसमोरचं. 2 सप्टेंबर 2020ला 118 ॲप्स बंद झाली, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली, त्यात पबजी मोबाइल. गलवाननंतरचे दिवस होते. जुलै 2021 मध्ये पबजीची कोरियन मालक कंपनी क्राफ्टनने तोच गेम बीजीएमआय म्हणून आणला. रक्त हिरवं, ‘किल’च्या जागी ‘फिनिश’, अल्पवयीनांना वेळेची मर्यादा. एक वर्ष झालं आणि जुलै 2022 मध्ये तोही बंद, मे 2023 मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीवर परत. 69अ खालच्या आदेशांची कारणं गोपनीय ठेवायची तरतूद आहे. त्या दहा महिन्यांत ठाण्यातली किती पोरं स्ट्रीमिंगवरून पुन्हा स्पर्धा परीक्षेच्या क्लासकडे वळली ते मी माझ्याच बिल्डिंगमध्ये पाहिलंय. हिरव्या रक्ताबद्दल आपल्याकडे फार तर मीम निघाले. बंदीबद्दल तर बरेच जण खूशच होते. ते बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण राष्ट्राच्या नावाने गेम कापला की टाळ्या वाजवणारे फक्त बीजिंगला राहत नाहीत.

कायद्याने कापलेलं आणि भीतीने कापलेलं यात फरक करायला शीक, म्हणजे राग कुठे खर्च करायचा ते कळेल. जर्मनीत स्वस्तिक आणि नाझी चिन्हं दाखवायला फौजदारी कायद्याने बंदी आहे. कला आणि इतिहासासाठी त्यात सूट होती, सिनेमांना मिळत होती, गेमना मिळत नव्हती. म्हणून वोल्फेनस्टाइन 2 या नाझींशी लढायच्या गेमच्या जर्मन आवृत्तीत हिटलर बिनमिशीचा होता, अगदी खरं. ऑगस्ट 2018 मध्ये तिथल्या वर्गीकरण संस्थेने गेमनाही तीच सूट एकेक गेम बघून द्यायला सुरुवात केली. तिथे रिव्ह्यूंचा मारा करून उपयोग नव्हता. तिथे वर्षानुवर्षं एकच मुद्दा लावून धरला गेला की गेम हीसुद्धा कला आहे.

मग दबाव चालतो कुठे? सगळ्यात झटपट चाललेला मी पाहिला तो जुलै 2020 मध्ये. रायट या कंपनीने आपल्या लीग ऑफ लीजंड्स या गेमच्या युरोपियन लीगसाठी सौदीच्या निओम या शहरप्रकल्पाशी भागीदारी जाहीर केली. समलिंगी लोकांना तिथे गुन्हेगार धरतात, आणि प्रकल्पासाठी हुवैतात जमातीला उठवलं जातंय, हे सगळ्यांना माहीत होतं. एका दिवसात करार रद्द. प्रेक्षक ओरडलेच, पण दात दिसले ते आतल्या लोकांचे. लीगचे स्वतःचे समालोचक आणि कर्मचारी जाहीरपणे बोलले, काम करणार नाही म्हणाले. शनिवारी सामना आहे आणि माइक घेणारा माणूस नाही म्हटल्यावर साहेबांना भूमिका सुचते. हे टिकतं असं मात्र समजू नकोस. सौदीचा पैसा खिडकीतून परत आला: त्यांच्या सॅव्ही गेम्सने 2022 मध्ये ईएसएल आणि फेसइट या स्पर्धा भरवणाऱ्या कंपन्या विकत घेतल्या, 2024 आणि 2025 मध्ये रियाधला ईस्पोर्ट्स वर्ल्ड कप भरला, आणि तिथे लीग ऑफ लीजंड्सही खेळला गेला. मालकच बदलला की बहिष्कार कुणावर घालणार?

आता बाहेरच्या माणसाने काय करायचं. मी दोन वर्षं एका क्लायंटच्या सपोर्टच्या रात्रपाळीवर होते, तेव्हा असं एक वादळ अंगावर घेतलंय. आत ते कसं दिसतं सांगते. तिकिटांचा, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींचा, ढीग येतो. प्रत्येक तिकिटाला ड्रॉपडाउनमधून कारण निवडावं लागतं. ‘तुम्ही चीनचे कुत्रे’ असं लिहिलेलं तिकीट ‘शिवीगाळ’मध्ये जातं आणि बंद होतं. सकाळच्या रिपोर्टमध्ये त्याची संख्यासुद्धा जात नाही. ‘अमुक तारखेच्या पॅचमध्ये तमुक काढलं, म्हणून मला रिफंड हवा’ असं लिहिलेलं तिकीट ‘रिफंड’मध्ये जातं. तो आकडा लाल रंगात वर जातो, कारण तो पैशाचा आहे. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट मागवायला मोठी माणसं रात्री दोनला कॉलवर आली ती त्या लाल आकड्यासाठी. आणि शिव्या वाचत कोण होतं? मी, घणसोलीची एक मुलगी आणि कळव्याचा एक मुलगा. आमच्यातल्या एकाचीही त्या निर्णयाशी ओळखदेख नव्हती. चिनी खेळाडूंना वंशावरून शिव्या घालणारे तर कंपनीचं कामच सोपं करतात. दुसऱ्या दिवशी निवेदन विषयावर न येता ‘द्वेषाला थारा नाही’ यावर येतं.

जुलै 2025 मध्ये स्टीम आणि इच या दुकानांनी प्रौढांसाठीचे गेम काढले किंवा लपवले तेव्हा लोक जरा शहाणे झालेले दिसले. दबाव कुठल्या सरकारचा नव्हताच. एका ऑस्ट्रेलियन गटाने पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांकडे मोहीम चालवली होती. तेव्हा खेळाडूंनीही दुकानावर राग काढत न बसता व्हिसा आणि मास्टरकार्डचे फोन वाजवले. नळ कुठे आहे ते शोधून तिथे हात घातला. त्यातले गेम कसे होते याच्याशी मला देणंघेणं नाही, पद्धत मात्र बरोबर होती.

आता तुझा दुसरा प्रश्न. तू पाठवलेल्या सगळ्या पोस्ट मी वाचल्या. एक सोडून बाकीच्या राहू दे. ती एक म्हणजे ज्यात तू लिहिलंयस की ब्लिट्झचुंगला काढायला चीन सरकारने ब्लिझार्डला सांगितलं ‘हे सिद्ध झालंय’. तसं काही सिद्ध झालेलं नाही. कंपनीने नाकारलंय, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे सांगायची गरजही पडली नसेल. ती पोस्ट काढू नकोस, खाली दुरुस्ती लिही, तारीख टाकून. टेस्टरचं निम्मं काम तेच असतं.

इंटरव्ह्यूमध्ये हे निघालंच तर मला अमुक गेम कापल्याचा राग आला होता असं सरळ सांग. तुला बहुधा एक सॅम्पल शीट देतील, वीसेक ओळींची. त्यात नकाशा असेल, देवाची मूर्ती पायाशी असेल, एखादी शिवी असेल, आणि एखादी ओळ मुद्दाम निरुपद्रवी टाकलेली असेल. त्या ओळीला धोका लावतोस की नाही हे बघतात. मी घेते तेव्हा तरी तेच बघते.

आणि ठाण्याला ट्रान्स-हार्बरचा प्लॅटफॉर्म पार पूर्वेच्या टोकाला आहे, नऊ-दहा नंबर. पुलावरच दहा मिनिटं जातात. दिघा गाव झाल्यापासून ऐरोली दुसरं स्टेशन आहे, पहिल्याला उतरू नकोस. माइंडस्पेस स्टेशनला लागूनच आहे, पण गेटवर पासासाठी रांग असते, आधार कार्ड हातातच ठेव.